पोट बंद करण्याआधी: आतड्याच्या टाक्यांची लीक टेस्ट

पावसाळा लागला की मुंबईत कुत्र्यांच्या पोटातून मक्याची कणसं निघायला लागतात. चौपाटीवर किंवा स्टेशनबाहेर कोणीतरी दाणे खाऊन टाकलेलं कणीस मीठ-लिंबाच्या वासाने कुत्रा गिळतो आणि ते लहान आतड्यात अडकून बसतं. मे महिन्यात कणसाची जागा आंब्याची कोय घेते, संक्रांतीच्या सुमारास मांजा, आणि वर्सोवा-वरळीच्या कोळीवाड्यांतल्या मांजरांच्या पोटात गळासकट तंगूस सापडते. अडकलेली वस्तू काढणं हे यातलं सोपं काम आहे. खरी जबाबदारी त्यानंतर सुरू होते. आतड्याला दिलेली चीर, किंवा सडलेला तुकडा कापून जोडलेली दोन टोकं, नीट बंद झाली आहेत का, हे पोट उघडं असतानाच आतड्यात सलाईन भरून बघावं लागतं. हीच लीक टेस्ट.

इंटर्नशिप करणाऱ्या किंवा नुकतीच शस्त्रक्रिया करायला लागलेल्या पशुवैद्यांसाठी हे लिहितोय. १८८६ साली परळला सुरू झालेल्या आपल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले असोत किंवा बाहेरून मुंबईत आलेले, बहुतेकांनी लीक टेस्ट कोणाच्या तरी मागे उभं राहून पाहिलेली असते. सिरिंज टोचली, आतडं फुगलं, ‘ठीक आहे’ म्हणून आत ढकललं. किती सलाईन घातलं, किती लांबीच्या आतड्यात घातलं, हे विचारायचं राहून जातं. आणि सगळी टेस्ट त्या दोन आकड्यांवरच उभी असते.

टेस्ट नेमकं काय सांगते

ती एकच गोष्ट सांगते: या क्षणी, एवढ्या दाबाला, टाक्यांमध्ये फट आहे की नाही. आतड्याची कड जगणार की मरणार, हे ती सांगत नाही. कुत्र्यांमध्ये टाके उसवतात ते बहुतेक तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. त्या दिवसांत जखमेच्या कडेचं जुनं कोलॅजन विरघळत असतं आणि नवं पुरेसं तयार झालेलं नसतं, म्हणून सगळा भार टाक्यांवर आणि टाका धरणाऱ्या सबम्युकोसावर, म्हणजे आतड्याच्या भिंतीतल्या मजबूत थरावर, येतो. आधीपासून पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या आवरणाचा दाह) असेल, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन डेसिलीटरमागे २.५ ग्रॅमच्या खाली असेल, भुलीत रक्तदाब पडला असेल, तर धोका आणखी वाढतो. यातलं काहीही सिरिंजभर सलाईनला कळत नाही.

२००८ ते २०१९ या काळातल्या १३१ कुत्र्यांच्या आतड्याच्या जोडांचा आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. लीक टेस्ट केलेल्या आणि न केलेल्या जोडांमध्ये टाके उसवण्याच्या प्रमाणात ठळक फरक त्यात दिसला नाही. हे वाचून काही जण टेस्ट सोडून देतात. माझं मत वेगळं आहे. वर्षानुवर्षं आतडी शिवणाऱ्या सर्जनच्या हातून मोठी फट सुटणं दुर्मीळ असतं. नव्या हाताला आपला टाका कुठे कमी पडतो हे कळायला दुसरी वाट नाही, आणि दिसलेली फट त्याच टेबलावर एका टाक्यात बंद होते. म्हणून टेस्ट करा, फक्त तिच्याकडून जास्त मागू नका.

आधी वजडीवर हात बसवा

जिवंत पेशंटवर पहिली लीक टेस्ट करू नये. मटणाच्या दुकानात सकाळी लवकर जा आणि बोकडाचं लहान आतडं मागा. ‘वजडी द्या’ म्हटलं की दुकानदार साफ करून, चिरून द्यायला घेतो, म्हणून न चिरलेलं, गरम पाण्यात न घातलेलं हवं हे आधी स्पष्ट सांगा. गरम पाणी लागलेलं आतडं आखडतं, त्यावर टाक्याचा अंदाज येत नाही. घरी किंवा कॉलेजात आणून नळाखाली आतून-बाहेरून धुवा, सलाईनमध्ये भिजवून ठेवा आणि त्याच दिवशी वापरा. हातमोजे घालाच.

हातभर तुकडा घ्या, मध्ये आडवा कापा, पुन्हा जोडा. मग दाब मोजायची सोय करा. ड्रिप सेटची नळी, एक थ्री-वे (तीन तोंडांचा जोड), एक सिरिंज आणि एक फूटपट्टी एवढंच लागतं. थ्री-वेच्या एका तोंडाला सुई, दुसऱ्याला सिरिंज, तिसऱ्याला नळी. नळीचं वरचं टोक उघडं ठेवून ती फूटपट्टीला चिकटवून उभी करा. सुई आतड्यात घालून तिन्ही वाटा खुल्या ठेवा आणि सिरिंज हळूहळू दाबा. आतड्यातला दाब वाढेल तसं नळीतलं पाणी वर चढेल. आतड्याच्या पातळीपासून ३४ सेंटीमीटरवर ते आलं की थांबा. हा दाब साधारण २५ मिलिमीटर पाऱ्याइतका होतो, आणि निरोगी कुत्र्याचं आतडं आकुंचन पावताना जो दाब तयार होतो त्याच्या वरच्या टोकाला तो बसतो.

आता बोटांनी त्या आतड्याला हात लावा. भरलेलं, लवचिक, दाबलं तर दबणारं. टणक नाही. हा स्पर्श लक्षात राहायला हवा, कारण ओटीत फूटपट्टी नसते.

यानंतर मुद्दाम एक टाका सोडून द्या आणि पुन्हा भरा. फटीतून येणारी धार आणि टाक्याच्या सुईच्या भोकातून येणारा थेंब, हा फरक पुस्तकातल्या चित्रावरून कळत नाही. एकदा डोळ्यांनी पाहिला की विसरत नाही. सलाईनमध्ये थोडा खायचा निळा रंग घातला तर अजून स्पष्ट दिसतं. पेशंटमध्ये मात्र साधं निर्जंतुक सलाईनच. शेवटी दाब वाढवत वाढवत जोड फुटेपर्यंत न्या. हाताने घातलेला कुठलाही चांगला जोड पुरेसा दाब दिला की गळतोच, आणि हे एकदा पाहिलेला माणूस ओटीत अंदाधुंद सिरिंज दाबत नाही.

टेबलावर: टेस्टच्या आधी

आतडं जगणारं आहे का ते आधी बघा. रंग, आकुंचन, मेसेंटरीतल्या, म्हणजे आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या, रक्तवाहिन्यांची धडधड, कापलेल्या कडेतून येणारं ताजं लाल रक्त. चिमटा घेतल्यावर आतडं आकुंचन पावतंय का तेही बघा. शंका असेल तर अजून कापा. मेलेल्या कडेवर घातलेले टाके टेस्टमध्ये उत्तम पाणी धरतात आणि चौथ्या दिवशी सुटतात.

टाक्यांबद्दल थोडक्यात: ३-० किंवा ४-० चा मोनोफिलामेंट, विरघळणारा धागा, राउंड बॉडी सुई, कडेपासून २ ते ३ मिलिमीटर आत आणि तेवढ्याच अंतरावर पुढचा टाका. प्रत्येक टाक्यात सबम्युकोसा यायलाच हवा, कारण आतड्याची खरी ताकद त्या थरात आहे. अल्ब्युमिन कमी असलेल्या पेशंटमध्ये मी पीडीएस या हळू विरघळणाऱ्या धाग्यालाच प्राधान्य देतो, तो आठवडे टिकतो. कॅटगट आतड्याला वापरू नका.

जोड करताना पहिला टाका मेसेंटरीच्या बाजूला घाला. गळती सर्वाधिक तिथेच सापडते. तिथे चरबी असते, कड दिसत नाही, आणि मेसेंटरीच्या दोन पदरांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर सिरोसाचं, म्हणजे आतड्याच्या सगळ्यात बाहेरच्या थराचं, आवरणही नसतं. चरबी अलगद बाजूला सारून कड स्वच्छ दिसल्याशिवाय सुई घालायची नाही. समोरच्या, म्हणजे अँटीमेसेंटेरिक बाजूच्या टाक्याची घाई नसते. तो दिसत असतो.

शिवून झालं की सलाईन भरण्याआधी बारीक मॉस्किटो फोर्सेपचं मिटलेलं टोक प्रत्येक दोन टाक्यांच्या मध्ये अगदी हलकेच टेकवून बघा. टोक आत जायला लागलं तर तिथे टाका हवा. जोर लावायचा नाही, जोर लावला तर नसलेली फट तयार होते. अर्ध्या फटी इथेच सापडतात.

टेबलावर: टेस्ट

आतड्याचा तो वेढा पोटाबाहेर काढून ओल्या मॉपवर (शस्त्रक्रियेच्या कापडी घडीवर) ठेवा. टेस्टमध्ये आतलं पाणी सांडू शकतं, ते पोटात जाता कामा नये, म्हणून भोवती मॉपचा चांगला कडा करा आणि किती मॉप लावले ते सिस्टरला मोजून ठेवायला सांगा.

जोडाच्या दोन्ही बाजूंना साधारण ५ सेंटीमीटरवर आतडं बंद करायचं, म्हणजे मधे १० सेंटीमीटरचा तुकडा मिळतो. ही लांबी डोळ्यांनी न ठरवता निर्जंतुक पट्टीने किंवा आधी मोजून ठेवलेल्या एखाद्या हत्याराच्या लांबीने ठरवा. बंद करण्याआधी आतला मळ बोटांनी अलगद दोन्हीकडे सरकवून तुकडा रिकामा करा.

बंद करण्यासाठी असिस्टंटची बोटं किंवा डॉयेन क्लॅम्प (आतडं हलकेच दाबून धरणारा चिमटा). माझी पसंती बोटांना. क्लॅम्प लावायचाच तर पहिल्याच खाचेवर लावा, आणि टोक मेसेंटरीच्या रक्तवाहिन्यांवर येऊ देऊ नका. यापैकी काय वापरलं त्यावर सलाईनचं माप बदलतं. कुत्र्याच्या जेजुनमवर (लहान आतड्याच्या मधल्या भागावर) २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात ३४ सेंटीमीटर पाण्याचा दाब गाठायला १० सेंटीमीटरच्या तुकड्यात बोटांनी धरल्यास सुमारे १६ ते १९ मिली, डॉयेन लावल्यास सुमारे १२ ते १५ मिली सलाईन लागलं. म्हणजे क्लॅम्प लावून बोटांचं माप घातलं तर दाब नको तेवढा चढतो, आणि चांगला जोड विनाकारण गळताना दिसतो. पोमेरेनियन किंवा मांजर असेल तर हे आकडे तसेच उचलू नका. कमी भरा आणि वजडीवर ओळखीचा झालेला स्पर्श आला की थांबा. गाई-म्हशींच्या आतड्याला तर हे माप अजिबात लागू नाही.

नवी २० मिलीची सिरिंज, कोमट निर्जंतुक सलाईन, २२ ते २५ गेजची सुई. सुई त्याच तुकड्यात, पण टाक्यांपासून लांब, अँटीमेसेंटेरिक बाजूने तिरकी घाला. तिरकी अशासाठी की बाहेर काढल्यावर थर एकमेकांवर सरकून भोक आपोआप मिटतं. समोरच्या भिंतीला सुई लागत नाही ना, याकडे लक्ष द्या.

सलाईन सोडण्याआधी टाक्यांची ओळ कोरड्या गॉजने टिपून घ्या. ओल्या आतड्यावर गळती दिसत नाही, आणि नवशिके नेमकी हीच पायरी विसरतात. मग सावकाश भरा. ठरलेलं माप भरलं की काही सेकंद तसंच धरून ठेवा, आतडं अलगद फिरवा आणि ओळ सगळ्या बाजूंनी बघा. मेसेंटरीची बाजू शेवटी आणि सगळ्यात जास्त वेळ. तिथला ओलावा चरबीत मुरतो, म्हणून गॉजचं कोरडं टोक टेकवून ते भिजतंय का ते बघा.

आतडं पांढरं पडायला लागलं तर दाब जास्त झालाय. माप पूर्ण झालं नसेल तरी थांबा.

दिसलं ते कसं वाचायचं

सुईच्या भोकातून उमटलेला, टिपल्यावर परत न येणारा किंवा अगदी हळू येणारा थेंब बहुतेक वेळा काळजीचा नसतो. तो फायब्रिनने बंद होतो. दोन टाक्यांच्या मधून येणारी धार, टिपल्यावर लगेच पुन्हा जमणारं पाणी, किंवा म्युकोसा (आतड्याचं आतलं अस्तर) बाहेर डोकावून त्याच्या बाजूने झिरपणारं पाणी, यांना टाका लागतो.

टाका कसा घालायचा यावर बरंच अवलंबून असतं. आधीचा टाका ओढून घट्ट करू नका. त्याने कड आवळून तिचा रक्तपुरवठा जातो. फटीवर एक साधा सुटा टाका किंवा क्रूशिएट (फुलीचा टाका) घाला, सबम्युकोसा धरून, आणि पुन्हा टेस्ट करा. एक-दोन जागी गळलं तर हे पुरेसं आहे. तीन-चार जागी गळलं, किंवा टाका घालताच कड लोण्यासारखी फाटत गेली, तर ठिगळं लावत बसू नका. जोड कापून काढा आणि निरोगी कडेवर नव्याने करा. भुलीचा वेळ वाढतोय म्हणून मन कच्चं होतं, हे मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. पण टाक्यावर टाका घालून आतली वाट अरुंद करणं आणि कडेचं रक्त तोडणं यापेक्षा तो वेळ स्वस्त पडतो.

स्टेपलर वापरला असेल तर बघायची जागा थोडी बदलते. दोन स्टेपलच्या ओळी जिथे एकमेकींना मिळतात तो कोपरा आणि जोडाचा तळाचा कोन नीट तपासा. त्या कोनात एक आधाराचा टाका घालायची सवय चांगली.

मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, श्रोणीजवळ, सलाईन भरून बघणं अवघड जातं. तिथे पोटात जोडावर कोमट सलाईन भरतात आणि गुदद्वारातून हळू हवा सोडतात. सायकलचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधतो तेच तत्त्व. हवा सोडताना जोडाच्या वरच्या बाजूला आतडं बोटांनी बंद ठेवा, आणि ते सलाईन नंतर पूर्ण शोषून काढा.

टेस्ट झाल्यावर

भरलेलं सलाईन त्याच सुईने परत ओढून घ्या आणि मगच सुई काढा. भरलेल्या आतड्यातून सुई काढली तर भोकातून मळकं पाणी बाहेर येतं. भोकावर ओला गॉज थोडा वेळ दाबून ठेवा. ती सुई, सिरिंज आणि आतड्यासाठी वापरलेली सगळी हत्यारं ट्रॉलीच्या वेगळ्या भागात गेली पाहिजेत. हातमोजे बदला, नवी हत्यारं घ्या. छोट्या दवाखान्यात दुसरा सेट नसतो हे मला माहीत आहे. तरीही पोट शिवण्यापुरता एक नीडल होल्डर, एक फोर्सेप आणि एक कात्री वेगळी ऑटोक्लेव्ह करून ठेवणं प्रत्येकाला जमतं, आणि ते करायलाच हवं.

पोट कोमट सलाईनने धुवा. मळ पोटात सांडला असेल तर किलोमागे २०० ते ३०० मिली लागतं, आणि घातलेलं सगळं सक्शनने बाहेर काढायचं. धुणं संपलं की ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा) ओढून जोडाभोवती अलगद गुंडाळा. तो रक्तपुरवठा आणतो आणि बारीक फटी बुजवतो. कडेबद्दल मनात शंका उरली असेल तर शेजारच्या निरोगी जेजुनमचा वेढा जोडावर बसवून त्याचा सिरोसल पॅच करा. हा पॅच टेस्टच्या निकालावर ठरवायचा नसतो. पाणी धरणाऱ्या पण रंग न आवडलेल्या जोडालाही तो द्यावा.

केसपेपरवर सविस्तर लिहा. ‘लीक टेस्ट निगेटिव्ह’ एवढ्याने काही कळत नाही. असं लिहा: ‘जेजुनम, १० सेमी, बोटांनी बंद, १६ मिली, मेसेंटरी बाजूला एक गळती, एक टाका, दुसऱ्या टेस्टला गळती नाही.’ चौथ्या दिवशी कुत्रा दुसऱ्याच डॉक्टरांसमोर आला तर याच ओळीवर ते निर्णय घेणार असतात.

घरी सोडताना

मुंबईत बहुतेक पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातात, म्हणजे धोक्याचे दिवस सुरू होतात तेव्हा. आणि घर विरारला किंवा बदलापूरला असतं. टेस्ट चांगली झाली म्हणून आपण हसून ‘काही काळजी नको’ म्हटलं की घरचे सैल पडतात. मी असं सांगतो: ‘काकू, टाके आज पाणी धरतायत, ते आम्ही तपासलंय. पण आतडं भरून यायला वेळ लागतो. सोमवार ते बुधवार नीट लक्ष ठेवा. पुन्हा उलटी झाली, जेवण सोडलं, पोटाला हात लावू देईना, किंवा नुसता कोपऱ्यात पडून राहिला, तर रात्री दोन वाजले तरी फोन करा.’ वार घालूनच सांगायचं, ‘तीन ते पाच दिवस’ लक्षात राहत नाही. त्यांच्या घराजवळ रात्री उघडा असलेला दवाखाना कुठला, हेही आधीच शोधून कागदावर लिहून द्या.

उपाशी ठेवू नका, हेही आग्रहाने सांगावं लागतं. टाके उसवतील या भीतीने घरचे दोन-दोन दिवस काही देत नाहीत. उलटी नसेल तर १२ ते २४ तासांत थोडं थोडं मऊ खाणं सुरू करायचं असतं. आतड्याच्या पेशींना त्याचीच गरज असते.

पेशंट परत आला आणि शंका वाटली तर नुसत्या एक्स-रेवर विसंबू नका. शस्त्रक्रियेत शिरलेली हवा काही दिवस पोटात दिसतच राहते. सोनोग्राफी करून पाणी दिसेल तिथून सुईने थोडं काढा आणि स्लाइड करा. झिजलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या आत बॅक्टेरिया दिसले की उत्तर मिळालं. रक्तातल्या साखरेपेक्षा पोटातल्या पाण्याची साखर डेसिलीटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्तने कमी असेल तर संशय बळावतो, पण नुकतंच पोट धुतलेल्या पेशंटमध्ये हा आकडा फसवू शकतो, म्हणून शब्द स्लाइडचा मानायचा. स्लाइडमध्ये बॅक्टेरिया असतील तर सकाळपर्यंत अँटिबायोटिकवर थांबायचं नसतं. सलाईन, रक्तदाब आणि वेदना सावरून घ्यायच्या आणि त्याच रात्री पोट पुन्हा उघडायचं.